उन्हाळ्यात संसद बसत नाही

थंडीच्या लाटेला सरकारी आपत्तींच्या यादीत स्थान मिळाले. पंधराव्या वित्त आयोगाने उष्णतेच्या लाटेला ते नाकारले. तापमानवाढीचे राजकारण समजून घ्यायचे तर बाकू किंवा पॅरिसच्या आधी या यादीकडे पाहावे लागेल.

इंग्रज राज्यकर्ते उन्हाळा लागला की आपले सारे दफ्तर घेऊन शिमल्याला जात. स्वतंत्र भारताचे सरकार दिल्लीतच राहते. पण संसदेच्या कामकाजाच्या दिनदर्शिकेत शिमल्याचा तो संस्कार अजून शिल्लक असावा, असे वाटते. अर्थसंकल्पी अधिवेशनाचे सूप २०२२ मध्ये ७ एप्रिलला, २०२३ मध्ये ६ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ४ एप्रिलला वाजले. पावसाळी अधिवेशने त्या त्या वर्षी अनुक्रमे १८, २० आणि २१ जुलैला सुरू झाली. अपवाद २०२४ चा. त्या वर्षी निवडणुकीनंतर नव्या लोकसभेला शपथविधीसाठी २४ जूनला बसणे भाग होते. एरवी उत्तर भारतात लू वाहते, शहरांत वीज कोसळते, रुग्णालयांत बर्फाच्या लाद्या मागवाव्या लागतात, नेमक्या त्या शंभर दिवसांत दोन्ही सभागृहांची दारे बंद असतात. मे महिन्यातील मृत्यूंवरचा प्रश्न जुलैच्या अखेरीस विचारला जातो आणि त्याचे लेखी उत्तर पटलावर येते तेव्हा बाहेर पाऊस कोसळत असतो. त्या उत्तराची बातमी झालीच, तर आतल्या पानावर चार ओळींची.

याचा दोष कोणा एका पक्षाला देता येणार नाही. उन्हाळ्यात अधिवेशनांत खंड काँग्रेसच्या राजवटीत पडत असे, भाजपच्याही राजवटीत पडतो. परंतु जागतिक तापमानवाढीसारखा विषय राजकीय व्यवस्थेच्या हाताला का लागत नाही, याचे एक साधे कारण त्यात दडलेले आहे. पूर, चक्रीवादळ, भूकंप यांना दृश्य असते. मंत्र्यांना हवाई पाहणी करता येते. उष्णतेची हवाई पाहणी करता येत नाही. ऊन माणसाला एकेकटे गाठते. कोणाला बांधकामाच्या परातीखाली, कोणाला पत्र्याच्या खोलीत, कोणाला मतदान केंद्राच्या रांगेत.

पारा, यंत्र आणि वाद

२९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या सीमेवरील मुंगेशपूर येथील स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश सेल्सियस तापमान नोंदवले आणि देशभर खळबळ उडाली. भारतीय हवामान विभागाने चौकशी करून, यंत्रातील संवेदक सुमारे तीन अंश जास्त दाखवत होता, असा निर्वाळा दिला. राजधानीतील चर्चा पुढचे काही दिवस या तीन अंशांभोवतीच फिरत राहिली. ते तीन अंश वजा केले तरी पारा पन्नाशीला टेकलेला होता, ही गोष्ट बाजूला पडली. त्याच आठवड्यात, ३० मे रोजी, देशाची विजेची कमाल मागणी २५० गिगावॅटवर पोहोचून तोवरचा उच्चांक झाला.

या दोन बातम्या खरे तर एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत. कोळसा, तेल आणि वायू जाळल्याने वातावरणात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि पृथ्वीवरून परत फिरणारी उष्णता अडवली जाते, हे गणित स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्येच मांडले होते. औद्योगिक क्रांतीपूर्वी या वायूचे प्रमाण दशलक्षात सुमारे २८० भाग होते. २०२४ मध्ये ते ४२० च्या पुढे गेले होते. जागतिक हवामान संघटनेच्या मते २०२४ चे सरासरी तापमान औद्योगिकपूर्व काळापेक्षा सुमारे १.५५ अंशांनी अधिक होते. भारतात १९०१ पासून नोंदी आहेत आणि त्यांत २०२४ हे तोवरचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. भारताची स्वतःची वाढ जगाच्या सरासरीपेक्षा कमी आहे. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या मूल्यमापनानुसार १९०१ ते २०१८ या काळात ती सुमारे ०.७ अंश होती. पण हा दिलासा फसवा आहे. हवेतील धूलिकण आणि धुराचे कण सूर्यप्रकाश काही प्रमाणात अडवतात, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. म्हणजे जे प्रदूषण आपल्या फुफ्फुसांत जाते, तेच काही अंशी आपल्यावर सावली धरून आहे. हवा स्वच्छ करणे अपरिहार्य आहे. ती स्वच्छ झाली की ही सावलीही विरळ होईल.

उन्हाळा कडक झाला की वातानुकूलन यंत्रांची मागणी वाढते, त्यासाठी लागणाऱ्या विजेचा सर्वांत मोठा हिस्सा कोळशातून येतो आणि तो कोळसा पुढच्या उन्हाळ्यांची तजवीज करतो. ज्याच्या घरात यंत्र आहे त्याची खोली थंड होते आणि त्याची गरम हवा गल्लीत येते. ल्युटेन्स दिल्लीच्या बंगल्यांतून बाहेर पडून पहाडगंज किंवा संगम विहारच्या गल्लीत दुपारी दोन वाजता उभे राहिले, की हे अर्थशास्त्र पुस्तकाविना कळते.

बारा आपत्ती

आता यादीकडे वळू. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने आपत्तीची व्याख्या व्यापक ठेवली आहे. नैसर्गिक वा मानवनिर्मित कारणांनी घडलेली आणि त्या समाजाच्या सहनशक्तीपलीकडची कोणतीही गंभीर घटना तीत बसू शकते. पैशाची यादी मात्र वेगळी आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून ज्या संकटांसाठी खर्च करता येतो, त्यांची अधिसूचित यादी पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात बारा नावांची होती. चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड कोसळणे, हिमस्खलन, ढगफुटी, कीडीचा प्रादुर्भाव, आणि कडाक्याची थंडी व गोठलेले दव ही ती बारा नावे. यांतील थंडीची लाट मूळ यादीत नव्हती. ती पुढे घालण्यात आली. उष्णतेच्या लाटेसाठीही राज्ये मागणी करीत राहिली. एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने या मागणीचा विचार केला आणि प्रचलित यादी राज्यांच्या गरजा बऱ्याच अंशी भागवते, असे म्हणून ती वाढवण्याचे नाकारले. त्यानंतर संसदेत हा प्रश्न आला की गृह खात्याच्या उत्तराला आयोगाच्या या निष्कर्षाचा आधार असे.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी आयोगाने राज्यांच्या प्रतिसाद निधीसाठी सुमारे १ लाख २८ हजार कोटी रुपयांची शिफारस केली होती. त्यात सर्वसाधारण राज्यांसाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी ९० टक्के. अधिसूचित आपत्तीत मृत्यू झाल्यास कुटुंबाला चार लाख रुपयांची सानुग्रह मदत या निधीच्या निकषांत बसते. आपत्ती तीव्र असेल आणि राज्याची थैली अपुरी पडली, तर राष्ट्रीय निधीचे दार ठोठावता येते. पुरात वाहून गेलेल्याच्या वारसाला हा हक्क आपोआप मिळतो. उन्हात कोसळलेल्याच्या वारसाला तो कोणत्या राज्यात मृत्यू आला यावर अवलंबून राहावे लागले.

कारण आयोगाने एक खिडकी उघडी ठेवली होती. राज्याने आपल्या स्थानिक आपत्ती स्वतः ठरवाव्यात आणि वार्षिक निधीच्या १० टक्क्यांपर्यंत रक्कम त्यांवर खर्च करावी. ओडिशाने या मार्गाने उष्णतेला आपत्ती मानले, केरळने २०१९ मध्ये, तमिळनाडूने ऑक्टोबर २०२४ मध्ये. तेलंगणाने एप्रिल २०२५ मध्ये मदतीची रक्कम चार लाखांवर नेली. पण ही खिडकी म्हणजे जादा पैसा नव्हे. ती त्याच थैलीतली वाटणी आहे, आणि राष्ट्रीय निधीचा रस्ता तिथून जात नाही. बिहारचा मजूर भुवनेश्वरमध्ये दगावला तर एक न्याय आणि दुसऱ्या राज्यात दगावला तर दुसरा, अशी स्थिती स्थलांतरितांच्या देशात शोभणारी नाही.

मोजणार कोण?

यादी वाढवण्याविरुद्धचा युक्तिवाद अगदीच तकलादू आहे, असे मात्र म्हणता येत नाही. उन्हाळा दरवर्षी येतो, तो अवचित कोसळत नाही. पूर्वसूचना असते आणि योग्य काळजीने बहुतेक मृत्यू टाळता येतात. टाळता येणाऱ्या मृत्यूला आपत्ती म्हणावे काय, असा अर्थ खात्याच्या बाजूने प्रश्न येतो. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. उष्णतेने झालेला मृत्यू ओळखायचा कसा? ऊन थेट उष्माघाताने मारते, त्याहून कितीतरी अधिक वेळा ते अशक्त हृदयाला, मूत्रपिंडाला, मधुमेही शरीराला अखेरचा धक्का देते. प्रमाणपत्रावर लिहिले जाते हृदयक्रिया बंद पडली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ साठी उष्माघाताचे ७३० मृत्यू नोंदवले. हा विभाग गृह खात्याचा; हवामान विभाग पृथ्वी विज्ञान खात्याचा; रुग्णालयांची नोंद ठेवणारे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आरोग्य खात्याचे. तिघांचे आकडे जुळत नाहीत, कारण तिघांची मोजण्याची रीतच निराळी आहे.

परंतु हा युक्तिवाद उलटा वाचून पाहावा. १ जून २०२४ रोजी लोकसभेच्या शेवटच्या टप्प्यात उत्तर प्रदेशात निवडणूक कर्तव्यावरील ३३ कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी हा आकडा दुसऱ्याच दिवशी जाहीर केला. त्यात होमगार्ड होते, सफाई कर्मचारी होते. एवढ्या तत्परतेने गणती का झाली? निवडणूक कर्तव्यावर मृत्यू आल्यास सानुग्रह मदत देण्याचा पक्का नियम आहे, म्हणून. त्याच दिवशी त्याच जिल्ह्यांत वीटभट्टीवर, रिक्षावर, शेतात जे गेले, त्यांची अशी यादी कोणी केली नाही. नियम नसेल तेथे नोंद नसते आणि नोंद नाही म्हणून नियम करता येत नाही, या चक्रात हा विषय वर्षानुवर्षे फिरतो आहे. नोंद आधी की हक्क आधी, या वादात अनुभव हक्काच्या बाजूने कौल देतो.

महाराष्ट्राला याचा कटू धडा १६ एप्रिल २०२३ रोजी मिळाला. नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखोंचा जनसमुदाय भर दुपारी उघड्या मैदानात बसला होता. व्यासपीठावर छत होते, मैदानावर नव्हते. चौदा जणांचा बळी गेला. त्यावर पुष्कळ राजकारण झाले, ते व्हायचेच होते. त्या गदारोळात एक शास्त्रीय बाब मागे पडली. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता. हवामान विभागाच्या निकषांत मैदानी प्रदेशासाठी ४० अंश आणि किनारपट्टीसाठी ३७ अंश ही पहिली पायरी आहे, शिवाय सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांची वाढ लागते. दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीराची स्वतःला थंड करण्याची मुख्य सोय निकामी होते. कोकणातला ३८ अंशांचा उकाडा विदर्भातल्या ४४ अंशांहून जीवघेणा ठरू शकतो, तो यामुळे. नागपूरहून दिल्लीत आलेले अधिकारी इथल्या मेला हसत तोंड देतात आणि जुलैच्या दमट रात्री हतबल होतात, याचेही कारण हेच. केवळ पाऱ्यावर उभी असलेली व्याख्या हा धोका पुरता पकडू शकत नाही.

अहमदाबादचा वस्तुपाठ

व्यवस्थापन शक्य आहे, याचा पुरावा देशातच आहे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची भीषण लाट आली. नंतरच्या अभ्यासाने त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे दाखवले. महापालिकेने हा आकडा नाकारत बसण्याऐवजी संशोधकांना बरोबर घेतले आणि २०१३ मध्ये दक्षिण आशियातील पहिला उष्णता कृती आराखडा तयार केला. त्यात अलौकिक काही नव्हते. हवामान विभागाकडून आगाऊ अंदाज, रंगांनुसार इशारे, दवाखान्यांत बर्फ आणि क्षारयुक्त पाण्याची तयारी, बागा दुपारी उघड्या ठेवणे, झोपडपट्टीतील पत्र्यांना पांढरा रंग. २०१८ च्या एका अभ्यासानुसार या आराखड्याने वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले असावेत.

पुढे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि राज्याराज्यांत आराखडे तयार झाले. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संस्थेने २०२३ मध्ये अशा ३७ आराखड्यांची छाननी केली, तेव्हा आढळले की केवळ ११ आराखड्यांत पैसा कोठून येणार याची चर्चा आहे, कोणत्या वस्तीला अधिक धोका याचा रीतसर अभ्यास अवघ्या दोहोंत आहे, आणि कायद्याचे पाठबळ बहुतेकांना नाही. कोणत्याही मंत्रालयात काम केलेल्या वाचकाला याचा अर्थ सांगायला नको. ज्या आराखड्याला लेखाशीर्ष नाही, तो आराखडा परिपत्रकाहून अधिक काही नसतो. मजुरांना दुपारी बारा ते तीन सुटी द्या, अशी सूचना निघते; त्या तीन तासांची मजुरी कोण देणार, हे तीत स्पष्ट नसले की मुकादम ती फाईलला लावतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये अंदाज वर्तवला होता, की २०३० पर्यंत उष्णतेमुळे भारत आपल्या कामाच्या तासांपैकी ५.८ टक्के तास गमावील. ते ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ रोजगारांएवढे होतात. म्हणजे हा आरोग्याइतकाच अर्थव्यवस्थेचाही प्रश्न आहे.

संसदेने या विषयाला स्पर्शच केला नाही, असे नव्हे. उष्णता व थंडीच्या लाटांतील मृत्यू रोखण्यासाठीचे खासगी विधेयक २०१५ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. खासगी सदस्याचे विधेयक कायद्यात रूपांतरित होण्याची शेवटची घटना १९७० ची, तेव्हा त्याचे भवितव्य वेगळे सांगायला नको. मार्च २०२५ मध्ये गृह खात्याशी संबंधित संसदीय समितीने, उष्णतेच्या लाटेसारख्या नव्या आपत्तींचा समावेश करण्यासाठी यादीचा नियमित फेरविचार व्हावा, अशी शिफारस केली. त्याच महिन्यात आपत्ती व्यवस्थापन कायद्यातील दुरुस्ती संसदेने संमत केली. तीनुसार राज्यांच्या राजधान्यांत आणि महापालिका असलेल्या शहरांत नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणे स्थापन करता येतात. पण दिल्ली आणि चंडीगड त्यातून वगळली गेली. ज्या शहरात हा कायदा झाला, त्या शहराला त्याची ही सोय लागू नाही.

बाकूतील न्याय आणि घरातील न्याय

आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर भारताची बाजू नैतिकदृष्ट्या भक्कम आहे. जगाच्या लोकसंख्येत सुमारे १७ टक्के वाटा असलेल्या या देशाचा ऐतिहासिक उत्सर्जनातील वाटा, सरकारच्या मांडणीनुसार, ४ टक्क्यांच्या आसपास आहे. दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. २०२१ मध्ये ग्लासगो येथे भारताने २०७० पर्यंत शून्य निव्वळ उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेत बिगरजीवाश्म स्रोतांचा निम्मा वाटा हे २०३० चे लक्ष्य २०२५ मध्येच गाठले गेले. प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत कोळशाचे वर्चस्व कायम आहे, हे खरे. तरीही ही कामगिरी लहान नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकूत श्रीमंत राष्ट्रांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचे आश्वासन दिले, तेव्हा ते तोकडे असल्याचे सांगत भारताच्या प्रतिनिधींनी भर सभेत आक्षेप नोंदवला. ज्यांनी संकट निर्माण केले त्यांनी भरपाई द्यावी, ज्यांनी केले नाही त्यांच्यावर बोजा टाकू नये, हे ते सूत्र. ते न्याय्य आहे.

पण हेच सूत्र देशाच्या सीमेच्या आत आणून पाहिले, की अवघडल्यासारखे होते. करोलबागेत सांगली-साताऱ्याकडून आलेले गलाई व्यावसायिक अंधाऱ्या खोल्यांत भट्टीसमोर बसून सोने गाळतात. त्यांच्या उंबऱ्याबाहेर हातगाडीवाला आहे, त्यापलीकडे डांबर पसरणारी टोळी. यांपैकी कोणाच्याही वाट्याचे उत्सर्जन नगण्य आहे. उन्हाचा पहिला तडाखा मात्र त्यांनाच. बाकूत भारत श्रीमंत राष्ट्रांना जे विचारतो, तेच ही माणसे दिल्लीला विचारू शकतात: आमच्या हानीला तुमच्या हिशेबात जागा आहे काय?

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या १४ आणि २१ व्या कलमांत अंतर्भूत असल्याचे म्हटले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने याविषयी स्वतंत्र, सर्वंकष कायदा नसल्याकडेही लक्ष वेधले. हक्क सांगितला गेला. त्याला यंत्रणा देण्याचे काम संसदेचे आहे.

सोळाव्या वित्त आयोगाचा पाच वर्षांचा काळ १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. यादीत एक नाव वाढणे हा त्या पाच वर्षांतील कामाचा आरंभच ठरू शकतो. दमटपणा आणि रात्रीचे तापमान धरणारी व्याख्या, मृत्यूच्या नोंदीची एकच रीत, शहरांच्या आराखड्यांना स्वतंत्र लेखाशीर्ष आणि दुपारच्या सुटीची मजुरी या चार गोष्टी तिच्या पाठोपाठ यायला हव्यात. यांपैकी एकासाठीही परदेशी निधीची वाट पाहावी लागत नाही. लागते ती पाच-सहा खात्यांच्या सचिवांची एकत्र बैठक, आणि शक्य झाल्यास संसदेची मे महिन्यातील एक आठवड्याची बैठक. सदस्यांनी त्या आठवड्यात दुपारी दोन वाजता, गाडीत न बसता, विजय चौकापर्यंत चालत जावे. प्रश्नोत्तराच्या तासाला कोणता प्रश्न अग्रक्रमाने घ्यायचा, हे ठरवायला मग फारसा वेळ लागणार नाही.